मरीआईचे डोळे

चांगुणाबाई: आन् हिला डोळे कुणी बसवले?

संघपाल: मीच की, अज्जी. त्यासाठीच तर तुला खजुरीस्नं बसमधी घालून इथं बसवकल्याणला आणलो. अर्ध्या तासापासून घोंगड्या दाखवायलो, बंजारा बायांचा काशिदा दाखवायलो, मोहरमचे पंजे दाखवायलो, कशापुढंच थांबंना झालीस. इथं थांबलीस. समदे इथंच थांबतेत.

चांगुणाबाई: तू बसवलास.

संघपाल: व्हय. आमच्या संग्रहालयात आली तवा हिच्याकडं बघवत न्हवतं. मरीआईचा मुखवटा हाय म्हणून ओळखूबी येत न्हवतं. गाळात रुतून काळी ठिक्कर पडलेली, आन् डोळ्याच्या जागी नुस्ते दोन खड्डे. हे संग्रहालय सांभाळतेत ते सर म्हणले, संघपाल, तू दुकानाच्या पाट्या रंगवतोस, हात चांगला हाय तुझा, बघ काय जमतंय का. मग खड्ड्यात पुट्टी भरलो, घासलो, प्रायमर मारलो. पांढरा दिलो, वाळू दिलो, मग काळा. दोन दिस नुस्ते डोळेच करत बसलो.

चांगुणाबाई: दोन दिस.

संघपाल: लई बारीक काम असतंय ते. रविवारी संग्रहालयाला दहा वर्सं व्हायलीत, जिल्ह्याचे मोठे साहेब येणार. पत्रिकेवर हिचाच फोटो छापलाय. सर म्हणलेत, साहेबांच्या कानावर घालतो आन् तुझं काम कायम करून टाकतो. सहा वर्सं झाली रोजंदारीवर करायलो, अज्जी. हात लावून बघ की. एरवी लावू देत न्हाईत कुणाला, पर तू लाव. कोण बघायलंय.

चांगुणाबाई: राहू दे. कुठं सापडली म्हणलास ही?

संघपाल: विहिरीत. औरादकडं मांजरेच्या काठाला सरांचं गाव हाय. तिथं एक पडकी विहीर हाय, गेल्या उन्हाळ्यात गाळ काढायलेते. पोतं लागलं हाताला. पोतं कुजून गेलेलं, ही तेवढी शाबूत. लिंबाचं लाकूड हाय म्हणून टिकली म्हणतेत सर.

चांगुणाबाई: वस्तीतली विहीर. पायऱ्या एकाच अंगाला हायत, तीच ना.

संघपाल: तुला काय माहीत?

चांगुणाबाई: माझं माहेर हाय ते.

संघपाल: आमाला तर म्हणायचीस, मला माहेर न्हाई.

चांगुणाबाई: न्हाईच की. सोडलं ते सोडलं. खड्डे कसले व्हते रे? किडीनं खाल्लेले?

संघपाल: मला तसंच वाटलं. सरबी तसंच म्हणले.

चांगुणाबाई: कीड सरळ खात न्हाई. नीट आठव.

संघपाल: आता तू म्हणायलीस तर, कडा सरळ व्हत्या बग. पटाशी मारल्यागत. डाव्याला खोल गेलेली, उजव्याला जरा कमी.

चांगुणाबाई: उजव्याला अप्पाचा हात दमला व्हता.

संघपाल: कोण अप्पा?

चांगुणाबाई: माझा बाप. तुझा पणजा, बाबूलाल. ही मरीआई त्यानंच केलेली. डोळे त्यानंच दिले आन् त्यानंच काढले. तू परत घातलास.

संघपाल: अज्जी, बस आदी. त्या स्टुलावर बस. पाणी देऊ का?

चांगुणाबाई: पाणी नको. मला कायबी झालं न्हाई.

संघपाल: पणज्याची बोटं बैलगाडीच्या चाकात गेली, म्हणून तो लाकडाचं काम सोडला, असं सांगायचीस तू. मुखवट्याचं तर कधी कोण बोललं न्हाई घरात.

चांगुणाबाई: कुठली बैलं आन् कुठलं चाक. तुझा बाप लहान व्हता तवा इचारायचा, आजोबाची बोटं अशी कामून. लेकराला कायतरी सांगावं लागतंय.

संघपाल: मग काय झालं व्हतं?

चांगुणाबाई: ही गावाची मरीआई. तीन वर्साला हिचा रंग उडायचा, मग जत्रेच्या आदी आमच्या घरी धाडायचे. आठ दिस आमच्या पडवीत पडून राहायची. तवा ती देव न्हाई, लाकूड. माय तिच्यावर फडकं टाकून कुरडया वाळू घालायची. माझा भाऊ गुंडू तिच्या नाकात बोटं घालायचा. कोण कायबी म्हणायचं न्हाई. अप्पा समदा रंग द्यायचा, डोळे तेवढे ठेवायचा.

संघपाल: कामून?

चांगुणाबाई: डोळे दिले की ती देव व्हायची. शेवटच्या दिशी गाव दारापुढं यायचं. हलगी वाजायची, ती बी आमचेच वाजवायचे. अप्पा काळा ठिपका टेकवला की पाटील म्हणायचा, बाबूलाल, मागं हो. झालं. ब्रश हातात तसाच, आन् मागं व्हायचं. तिथून पुढं तिला आमी शिवायचं न्हाई, आमची सावली पडू द्यायची न्हाई. वरनं गोमूत्र शिंपडायचे आन् उचलून न्यायचे.

संघपाल: आन् तरी तो रंगवायचा.

चांगुणाबाई: त्याचा बाप करायचा म्हणून तो करायचा. आन् खोटं कशाला बोलू, त्याला आवडायचं. डोळ्याला बसला की जेवायचं भान राहायचं न्हाई. माय दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा शिव्या द्यायची.

संघपाल: मग काढला कामून?

चांगुणाबाई: गुंडूला गोवर आला. पाच वर्साचा व्हता. गाव म्हणलं, मरीआईच्या पायावर घाला. माय त्याला खांद्यावर टाकून गेली, मी मागं. आमाला देवळापासून लांब पिंपळाखाली उभं राहावं लागायचं. तिथून भिंत आडवी येतीया. आमाला ती दिसत न्हाई, तिला आमी दिसत न्हाव. अप्पा पाटलाला म्हणला, दारापुढं येऊ द्या, एकदा लेकरू दाखवतो आन् जातो. न्हाई म्हणले. दोन दिसांनी गुंडू गेला.

संघपाल: अज्जी.

चांगुणाबाई: अप्पा रडला न्हाई. घरी येऊन म्हणला, तिचे डोळे मी केलो आन् माझंच लेकरू तिच्या नजरेला पडू देईनात. एवढंच. पुढल्या साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. घरातले देव समद्यांनी विहिरीत सोडले. आन् त्याच साली रंगाची पाळी आली, ही घरी आली.

संघपाल: न्हाई म्हणायचं की. आता आमी बौद्ध झालाव, रंग देत न्हाव म्हणायचं.

चांगुणाबाई: म्हणला असता तर दुसऱ्याकडनं डोळे करून घेतले असते. अप्पा सात दिस नीट रंग दिला. आठव्या दिशी दुपारी ब्रश न्हाई घेतला, पटाशी घेतला. परत कुणाला डोळे देता येऊ नये अशी जागाच काढला. मग पोत्यात घालून आमच्या विहिरीत. तिथं कोण बघतंय, बाटतील ना. गाव आलं तवा म्हणला, गेली. कुठं गेली? गेली, म्हणला. तीन दिस चावडीपुढं उन्हात बसवले. तिसऱ्या दिशी बोटं मोडले. तरी म्हणला, गेली. मग आमी गाव सोडलाव.

संघपाल: आन् मी पुट्टी भरलो.

चांगुणाबाई: तुला कुठं ठाऊक व्हतं.

संघपाल: तरी भरलो की.

चांगुणाबाई: हुबेहूब झालेत रे. तुला कुणी शिकवलं न्हाई, पर डाव्या डोळ्याची कड अप्पा अशीच खाली आणायचा. दारातनं बघितले आन् मला वाटलं, आता कोणतरी म्हणंल, मागं हो.

(शेजारच्या खोलीतून शिवशंकरप्पा येतात. उंबऱ्याबाहेर चपला काढून आत पाऊल टाकतात.)

शिवशंकरप्पा: शरणु, अक्का. संघपालची आजी ना तुम्ही? मी शिवशंकरप्पा. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता ह्या दोन खोल्या सांभाळतो. बसा, बसा, उठू नका. कसा वाटला नातवाचा हात? त्या पाटीवर मात्र 'कलाकार अज्ञात' लिहावं लागलं बघा. लिहिताना फार वाईट वाटलं. एवढा मोठा हात, आणि नाव नाही.

संघपाल: सर, हिचे डोळे काढायचे हायत.

शिवशंकरप्पा: काढायचे म्हणजे?

संघपाल: खरवडून टाकायचे. पुट्टीसकट. पहिले खड्डे व्हते तसं करायचं.

शिवशंकरप्पा: अरे, परवा रविवार. डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? अक्का, हा काय बोलायलाय?

चांगुणाबाई: मीच सांगितले त्याला. ही मरीआई माझ्या बापानं केलेली, आन् डोळेबी त्यानंच पटाशीनं काढून टाकलेले. बाबूलालनं.

शिवशंकरप्पा: बाबूलाल. म्हणजे तुम्ही त्यांच्या...

चांगुणाबाई: लेक. तुमी कुणाचे?

शिवशंकरप्पा: काशप्पा पाटलांचा धाकटा.

चांगुणाबाई: आसं.

शिवशंकरप्पा: हौदु, होय. तुम्ही लोक गेलात तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आमच्या घरी ते नाव कुणी घ्यायचं नाही. विहिरीतून मुखवटा निघाला तेव्हा मला वाटलं, कुणी चोरानं टाकला असेल, रंग देणाऱ्या बिचाऱ्या बाबूलालवर उगीच आळ आला. मुखवटा घडवलाही त्यांनीच, हे आज कळलं.

संघपाल: आळ न्हवता, सर.

शिवशंकरप्पा: कळलं मला.

चांगुणाबाई: चोरबी न्हवता. त्यानं घरात ठेवला न्हाई, इकला न्हाई.

शिवशंकरप्पा: नाही, नाही, तसं नाही म्हणालो मी. अक्का, माझं थोडं ऐका. ही आता देवी नाही, कलाकृती आहे. ते पंजे बघा, ते आता सवारीला जात नाहीत. ते घोंगडं कुणी पांघरत नाही. तशीच ही. डोळे नव्हते तेव्हा माणसं हिच्यापुढून नुसती निघून जायची. आता थांबतात, विचारतात. ती पाटी मी आजच बदलतो. तुमच्या वडिलांचं नाव घालतो, मोठ्या अक्षरात. साठ वर्षांनी का होईना, त्यांचं काम लोकांना कळेल.

चांगुणाबाई: सर, चपला कामून काढलाव?

शिवशंकरप्पा: अं?

चांगुणाबाई: त्या खोलीत पायात व्हत्या. हिथं उंबऱ्याला काढलाव.

शिवशंकरप्पा: सवय आहे.

चांगुणाबाई: घोंगड्यापुढं काढत न्हाव.

संघपाल: सर, रोज सकाळी हिचं कुंकू मी पुसतो. बाया संग्रहालय बघायच्या नावानं येतेत, मी पाठ वळवली की बोट टेकवून जातेत. कपाळाची भेग लाल झालीया, पुसून जाईना. परवा कोण तरी खिडकीतून अर्धा नारळ ठेवून गेलं. डोळे न्हवते तवा तीन महिने ही तिथंच पडलेली, एकानं चिमूटभर लावलं न्हाई.

शिवशंकरप्पा: बायकांना मी किती सांगू?

संघपाल: बायकांचं न्हाई म्हणायलो मी.

शिवशंकरप्पा: बरं. सांगूनच टाकतो. मीही हात जोडतो, संघपाल. सकाळी कुलूप काढलं की आधी हिच्यापुढं उभा राहतो, मग पंखा लावतो. तुम्ही गाव सोडलंत, अक्का, त्याच पावसाळ्यात माझी थोरली बहीण तापानं गेली. श्रीदेवी. आई म्हणाली, मरीआई रागावून निघून गेली म्हणून माझी पोर गेली. गावानं नवा मुखवटा केलाच नाही. देवळातल्या रिकाम्या कोनाड्यात माझी आई मरेपर्यंत दिवा लावत होती. चाळीस वर्षं. समोर काही नाही, नुसती भिंत. हे डोळे मी तिच्यासाठी बसवून घेतले. कलेसाठी नाही.

चांगुणाबाई: श्रीदेवी आठवती मला. निळा परकर असायचा. आमी लांबनं बघायचाव.

शिवशंकरप्पा: हो. निळाच.

चांगुणाबाई: वाईट झालं ते. पर सर, आमचा गुंडू गेला तवा हिला डोळे व्हते.

शिवशंकरप्पा: गुंडू कोण?

संघपाल: तिचा भाऊ. पाच वर्साचा. गोवरनं गेला. तुमच्या वडिलांनी दारापुढं येऊ दिलं न्हाई.

शिवशंकरप्पा: हे मला माहीत नव्हतं.

चांगुणाबाई: कुठून असंल. आमच्यातलं कोण गेलं, कोण राहिलं, गावात कुठं सांगायचं?

संघपाल: सर, माझ्या कामाचं काय व्हायचं ते होऊ द्या. पाट्या रंगवून खाईन.

शिवशंकरप्पा: तुझ्या कामाचं कोण बोललं? गप बस जरा.

चांगुणाबाई: मी भांडाय आले न्हाई. भांडायचं वय गेलं, आन् आता राग येतबी न्हाई मला. नुस्तं सांगायले. अप्पा जल्मभर दुसऱ्यानं सांगितलेलं केला. रंग दे म्हणले, दिला. मागं हो म्हणले, झाला. हे एकच काम त्यानं आपल्या मनानं केला. पटाशी उचलताना त्याला ठाऊक व्हतं, हाताचं काय व्हणार ते. तेवढं त्याचं राहू द्या. मग ही इथं ठेवा न्हाईतर कुठंबी ठेवा, नाव घाला न घाला, मला काय न्हाई.

शिवशंकरप्पा: पत्रिका वाटून झाल्यात, अक्का. साहेब फोटो बघून येणार. डोळे कुठं गेले म्हणून विचारतील.

चांगुणाबाई: गेले म्हणा.

शिवशंकरप्पा: चावडीपुढं बसलेले बाबूलाल मला आठवतात. मी ओट्यावर होतो. वडील म्हणाले, आत जा. मी खांबामागं उभा राहिलो, आत गेलो नाही. पुढं शाळेत पोरांच्या हातात पेन्सिल नीट धरवायचो ना, तेव्हा मध्येच कधी तरी ते आठवायचं. मग त्या दिवशी मला शिकवायला व्हायचं नाही. पोरांना म्हणायचो, तुमच्या मनानं काहीही काढा. घरी कुणाशी बोललो नाही कधी. काय बोलणार?

चांगुणाबाई: व्हय. काय बोलणार.

शिवशंकरप्पा: संघपाल, त्या लोखंडी कपाटात वरच्या खणात पटाशी आहे. मोठी नको, अर्ध्या इंचाची घे.

संघपाल: आता?

शिवशंकरप्पा: आत्ताच. घरी जाऊन जेवून आलो की मी तुला करू द्यायचा नाही. मी ओळखतो मला.

संघपाल: बरं.

शिवशंकरप्पा: मी पलीकडं बसतो, अक्का. मला बघवणार नाही ते.

चांगुणाबाई: बसा.

संघपाल: अज्जी, डावा आदी का उजवा?

चांगुणाबाई: डावा. बाहेरच्या कोपऱ्यातनं आत ये. लई खोल जाऊ नको, तुझी पुट्टी तेवढी निघू दे. खालचं अप्पाचं हाय.

संघपाल: रंग लई घट्ट धरलाय. मीच तीन हात मारलेले.

चांगुणाबाई: निघंल. घाई करू नको.

संघपाल: सरकायलीय ही. पटाशी टेकवली की गर्रकन फिरायलीय टेबलावर. पणजा एकटा कसं केला असंल?

चांगुणाबाई: एकटा न्हवता. मी धरले व्हते.

संघपाल: तू?

चांगुणाबाई: दहा वर्साची व्हते. मायला धर म्हणला तर माय भ्याली, चुलीकडं जाऊन बसली. मग म्हणला, चांगुणा, तू ये, हलू देऊ नको. मांडीत घेतले आन् धरले. भुगा उडून तोंडात जायलाता. मी तोंड वळवले तर ही हलायची, म्हणून वळवले न्हाई.

संघपाल: मग आताबी धर की. एवढं निघूस्तोर.

चांगुणाबाई: हात बघ माझा. जोर न्हाई उरला. आता न्हाई धरवत.

संघपाल: मग मी पायानं दाबून बघतो.

शिवशंकरप्पा: थांब, थांब, संघपाल. तसं करू नको, पटाशी घसरली तर बोट जाईल तुझं. बाजूला व्हा, अक्का. मी धरतो.

संघपाल: सर, तुमी तर बघवत न्हाई म्हणलाव.

शिवशंकरप्पा: बघत नाही मी. भिंतीकडं तोंड करतो. तू कर तुझं. अक्का, हिला कुठं धरू?

चांगुणाबाई: गालाला धरा. मीबी तिथंच धरले व्हते.